लहान होत जाणारी सावली

गाडीचे बल्ब बदलायचे ठरले ते बायकोच्या धमकीमुळे. ती इस्पितळात एक्स-रे काढते. तिची ड्यूटी संध्याकाळी संपते आणि थंडीच्या दिवसांत तोवर बाहेर काळोख झालेला असतो. इस्पितळापासून घरापर्यंतचा रस्ता कालव्याच्या कडेने येतो. त्यावर दिव्याचा एक खांब नाही, आणि आमच्या जुन्या गाडीचे दिवे असे की पुढे रस्ता आहे की पाणी हे अंदाजाने ठरवायचं. एकदा धुक्यात एक हातगाडीवाला अगदी नाकासमोर आला तेव्हा दिसला. मी ब्रेक दाबला, त्याने माझ्या खानदानाचा उद्धार केला, आणि बायको शांतपणे म्हणाली, "उद्या दिवे बदल. नाहीतर परवापासून मी बसने येते. मला ठकूला मोठी झालेली बघायचंय."

ठकू आमची मुलगी. वयाने सात वर्षांची, बोलण्याने सत्तर वर्षांची, आणि छातीने जन्मापासून नाजूक. हवा बदलली की खोकला ठरलेला. ती झोपेत कुशीवर वळली तरी आम्ही दोघं जागे होतो. ही भीती घरात इतकी मुरलेली आहे की आता तिचं कुणाला काही वाटत नाही, पण ती असते. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गाडी घेऊन फ्यूजकडे गेलो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. फ्यूज गाड्यांचं वायरिंग करतो. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. पटकन तापतो आणि मग एकदम गप्प होतो, म्हणून फ्यूज. मी आणलेले बल्ब पाहून तो हसला.

"मास्तर, गाडीच्या वयाकडे तरी बघायचं. नाकापेक्षा मोती जड झाला हा."

"असू दे. उजेड पडेल ना?"

"पडेल म्हणजे? समोरचे शिव्या घालतील एवढा पडेल."

नवा बल्ब बोटांनी धरत नाहीत. बोटांचं तेल काचेला लागलं की तो लवकर जातो. फ्यूजने ते फडक्यात धरून बसवले. मग फोकस लावायचा. त्यासाठी त्याच्या दुकानासमोर चुन्याने रंगवलेली एक भिंत आहे, तिच्यावर खडूच्या रेघा. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करायची, दिवे लावायचे आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवत उजेडाची वरची कड रेघेवर आणायची. तोपर्यंत अंधारून आलं होतं. आजूबाजूची दुकानं बंद होत होती. मी गाडीत बसलो होतो. त्याने हात वर केला, मी दिवे लावले, आणि भिंत पांढरीफेक झाली. खरं सांगतो, मला लहान मुलासारखा आनंद झाला.

फ्यूज बॉनेटच्या बाजूला उकिडवा बसून स्क्रू फिरवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मास्तर, जरा बाजूला व्हा ना. तुमची सावली पडतेय."

"मी गाडीतच आहे."

त्याचा हात थांबला. त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

भिंतीवर जमिनीपासून पार वरपर्यंत एक सावली होती. कडा धूसर, पण माणसाची, यात शंका नव्हती. डोकं, मान, आणि एक खांदा खाली उतरलेला. हातात भरलेली बादली धरून उभं राहिल्यावर उतरतो तसा. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कुणीही नव्हतं. फ्यूजने काचा पुसल्या. सावली गेली नाही. त्याने एक बल्ब काढला, तरी ती होती. तो परत लावून दुसरा काढला, तरी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन दिव्यांच्या दोन सावल्या पडायला हव्यात. ही एकच होती.

"जुने बल्ब मंद होते..." फ्यूज हळूच म्हणाला. "तेव्हा दिसत नसेल."

"काय दिसत नसेल?"

दुसऱ्या दिव्याचा फोकस न लावताच त्याने हत्यारं गोळा केली. माझे जुने बल्ब कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. "टाकू नका. राहू द्या जवळ," एवढंच म्हणाला आणि शटर ओढून घेतलं. मी विचारत राहिलो, पण फ्यूज उडाला की उडाला.

बायकोला मी काही सांगितलं नाही. सांगणार काय? शिवाय रस्ता खरोखरच लख्ख दिसायला लागला होता. ती सीटवर आरामात मागे टेकून बसायची, कालव्याच्या कडेच्या गवताचं पातं न् पातं दिसतंय म्हणून कौतुक करायची. मोकळ्या रस्त्यावर सावली पडायला भिंतच नव्हती. फक्त धुकं असलं की गाडीच्या पुढे, गाडीच्याच वेगाने, एक काळसर खांब सरकताना दिसायचा. ते मी तिला दाखवलं नाही. तिनेही विचारलं नाही.

घरी आल्यावर ती फाटकापाशी उतरायची आणि शेजारच्या काकूंकडून ठकूला आणायला जायची. मी गाडी आत घ्यायचो. आमच्या अंगणात पत्र्याची शेड आहे, तिच्यासमोर घराची भिंत. आतल्या बाजूला, त्याच भिंतीला लागून, ठकूचा पलंग. पहिल्या दिवशी दिव्यांचा उजेड त्या भिंतीवर पडला. सावलीने सगळी भिंत व्यापली होती. डोकं छपरावर चढून दिसेनासं झालं होतं. मी घाईघाईने दिवे बंद केले. अंधारात इंजिनाचा तापलेला वास येत होता, आणि त्यात दुसरा एक वास मिसळला होता, बरेच दिवस बंद असलेल्या खोलीसारखा.

बल्ब काढून टाकायला हवे होते, हे मलाही कळतं. पण दुसऱ्या दिवशी मी नीट पाहिलं तर सावली जराशी लहान झाली होती. डोकं छपराच्या खाली आलं होतं. तिसऱ्या दिवशी आणखी थोडी लहान. मग मी रोज पाहायला लागलो. ती छपरापासून खाली आली, पाण्याच्या पाइपच्या खाली आली, शेडच्या आडव्या बांबूच्या खाली आली. मला हायसं वाटायला लागलं. जे काही होतं ते ओसरत होतं. आजारी माणसाचा ताप रोज उतरत जावा तसं मला ते वाटत होतं. सुरुवातीला मी दिवे लावून एक क्षणही थांबत नसे. नंतर नंतर धीट होऊन बघत बसायचो आणि शीळ घालत घरात यायचो. एके दिवशी ती उंच्यापुऱ्या माणसाएवढी झाली. पाय जोत्यावर टेकलेले. कडा कात्रीने कापल्यासारख्या. कानाची पाळीसुद्धा दिसत होती.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंत कोरी होती. मी दिवे लावले, विझवले, पुन्हा लावले. काही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी मी इतका खुशीत होतो की जेवणं झाल्यावर बायकोला सगळं सांगून टाकलं. अगदी रंगवून, फ्यूजची नक्कल करत. ठकू लवकर झोपली होती, तिला दुपारपासून खोकला होता. बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आधी ती हसली. मग हसायची थांबली.

"लहान होत होती?"

"रोज थोडी थोडी."

"आणि कडा? पुसट होत होत्या?"

"नाही. उलट ठळक होत होत्या."

तिने हातातला फ्रॉक खाली ठेवला. उठून टेबलावरचा दिवा भिंतीकडे वळवला आणि त्याच्यासमोर पंजा धरला. भिंतीवर राक्षसाएवढा, धूसर पंजा पडला. मग ती हात दिव्यापासून लांब नेत भिंतीकडे चालत गेली. सावली लहान होत गेली, ठळक होत गेली. शेवटी तिचा तळवा भिंतीला टेकला आणि सावली त्याच्याखाली नाहीशी झाली.

"पेशंटला छाती एक्स-रेच्या प्लेटला घट्ट टेकवायला का सांगते मी?" तिचा आवाज एकदम खाली गेला होता. "लांब उभा राहिला तर हृदय आहे त्याहून मोठं दिसतं, म्हणून. दिव्याजवळ असलं की मोठं, भिंतीजवळ असलं की लहान. शाळेत पोरांना सावल्या काढायला शिकवतोस ना रे तू?"

मी अजून तिच्या भिंतीवरच्या तळव्याकडे पाहत होतो.

"ती जात नव्हती... गाडीपासून निघून भिंतीकडे चालली होती. आणि आज तू म्हणतोस, भिंतीच्या अलीकडे ती नाही..."

भिंतीपलीकडून ठकू खोकली.

आम्ही आत कसे गेलो ते आठवत नाही. ठकू झोपेत होती. एवढ्या ऐसपैस पलंगावर ती अगदी अलीकडच्या कडेला आली होती, एक पाय खाली लोंबत होता. भिंतीकडची जागा मोकळी होती. बायकोने तिला उचललं तेव्हा ती झोपेतच कुरकुरली, "आता जागा झाली ना..." खोलीत बंद खोलीचा वास होता, आणि खिडकी तर उघडी होती. त्यानंतर ती आमच्या दोघांच्या मध्ये झोपायला लागली. मी सकाळीच ते बल्ब काढून कालव्यात फेकले आणि जुने लावले. जुन्या दिव्यांत भिंतीवर काही दिसलं नाही. पण जुन्या दिव्यांत आधीही दिसत नव्हतंच.

खोकला मात्र हटेना. नेहमीचं औषध लागू पडेना. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि प्लेट काढायला सांगितलं. बायकोनेच काढली. मी दाराच्या काचेतून पाहत होतो. ठकू स्टुलावर उभी, हनुवटी वर, छाती प्लेटला टेकलेली. तिच्या पाठीमागे मशीन. मशीनच्या मागे, किरण अडवणाऱ्या शिशाच्या आडोशाआड, तिची आई.

"श्वास घे... धरून ठेव... सोड."

डॉक्टर प्लेट उजेडावर धरून म्हणाले, "इथे जरासा कफ साठलाय. घाबरण्यासारखं नाही." त्यांनी बोट ठेवलं तिथे, हृदयाच्या शेजारी, बोटाच्या पेराएवढं काहीतरी होतं. बाकीच्यांना तो डाग वाटला असता. आम्हा दोघांना मान दिसली आणि उतरलेला खांदा दिसला. कडा कात्रीने कापल्यासारख्या होत्या.

त्या आठवड्यात मी किती वेळा देवाला आणि किती वेळा स्वतःला शिव्या दिल्या त्याला गणती नाही. पोरगी दिवसेंदिवस सुकत चालली होती. तिच्या बोलण्यातली ती आजीबाई गप्प झाली होती, आणि ते मला खोकल्यापेक्षा जास्त लागत होतं.

औषधाचा डोस संपल्यावर डॉक्टरांनी दुसरी प्लेट काढायला लावली. या वेळी डाग मोठा झाला होता, पसरट, धूसर. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी औषध बदललं. मी खचून गाडीत येऊन बसलो. बायको शेजारी बसली, आणि मी पाहिलं तर ती हसत होती.

"अगं, वाढलंय ते!"

"मोठं झालंय. पुसट झालंय." ती समोर पाहत होती. "म्हणजे प्लेटपासून लांब सरकतंय. तिच्यातून निघतंय."

"निघून कुठे?"

"मागे. मशीनच्या बाजूला."

कालव्यावरून गार वारा येत होता. ठकू मागच्या सीटवर झोपली होती, तिचा घरघरणारा श्वास ऐकू येत होता.

"मशीनच्या बाजूला तर तू असतेस," मी म्हणालो.

"असते की."

"तू वेडी आहेस का?"

"ती सात वर्षांची आहे," बायको म्हणाली. तिच्याशी वाद घालायची माझी ताकद नव्हती, आणि खरं बोलायचं तर इच्छाही नव्हती. ठकू बरी व्हावी एवढंच मला हवं होतं.

तिसऱ्या प्लेटच्या वेळी मी पुन्हा दाराच्या काचेशी होतो. बायकोने ठकूला उभं केलं, तिची हनुवटी नीट केली, केसांवरून हात फिरवला. मग ती आडोशामागे गेली नाही. एवढी वर्षं तिने तो नियम मोडला नव्हता. दुसऱ्या कुणी मोडला तर ती त्याला फाडून खायची. बटणाची लांब वायर हातात ओढून घेऊन ती मशीनला खेटून उभी राहिली, लेकीच्या पाठीकडे तोंड करून.

"श्वास घे... धरून ठेव..."

तिने 'सोड' म्हणायला फार वेळ लावला.

प्लेट स्वच्छ निघाली. नवीन औषध लागू पडलं असं डॉक्टर म्हणाले, आणि आम्ही त्यांचे आभार मानले. दोन दिवसांत ठकू काकूंच्या अंगणात उड्या मारत होती आणि मला गाडी कशी चालवावी हे शिकवत होती. ती परत आपल्या पलंगावर झोपायला लागली, घर पुन्हा घरासारखं झालं. निदान बाहेरून पाहणाऱ्याला तसं वाटलं असतं.

बायको शांत झाली होती. विचारलं की म्हणायची, थकलेय. चालताना तिचा एक खांदा खाली उतरायला लागला. मी म्हणालो, पर्समध्ये एवढं काय भरतेस? तिने पर्स खुंटीला लावली, तरी खांदा उतरलेलाच राहिला. झोपताना ती पलंगाच्या अगदी कडेला सरकायची. मी हात पुढे केला की आमच्यामधली चादर गार लागायची. "तुझी प्लेट काढून बघ ना एकदा," मी म्हणालो. ती म्हणाली, "काय करायचंय बघून? ती माझ्याकडे आहे, ठकूकडे नाही. बस झालं." मी तिच्या पाठीवर हात ठेवून पडून राहिलो. तिचा श्वास आत जायचा आणि बाहेर यायला फार वेळ लावायचा. मला रडू यायचं, पण आवाज न करता.

परवा संध्याकाळी वीज गेली. ठकू स्वयंपाकघरात गृहपाठ करत होती. बायको अंधारातच फळीवरच्या मेणबत्त्या शोधायला गेली, आणि मी तिच्यासाठी टॉर्च धरला. फळी उंच आहे. ती भिंतीला पाठ लावून, टाचा वर करून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन चाचपत होती.

भिंतीला टेकलेल्या माणसाची सावली त्याच्या मागेच लपते. फार तर कडेने थोडी डोकावते. मला ते आता विसरणं शक्य नाही.

तिची सावली तिच्यापेक्षा हातभर उंच होती. कडा धूसर होत्या. मी बघत असतानाच ती आणखी वर सरकली, फळीच्या वर, छताच्या दिशेने. पसरट होत, पुसट होत. मला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. बायकोलाही कळला असावा, कारण तिचे हात फळीवर थांबले. ती माझ्याकडे पाहत होती, माझ्या हाताकडे.

"दिवा विझव," ती म्हणाली.

"मेणबत्ती मिळाली का?"

"मिळेल. तू आधी दिवा विझव... ऐक माझं."

स्वयंपाकघरातून ठकूने हाक मारली, "बाबा, इथे काही दिसत नाहीये!"

"आलो गं," मी म्हणालो.

बायकोचा उतरलेला खांदा सावकाश वर येत होता. खूप दिवसांनी तिने पूर्ण श्वास घेतला आणि तो लगेच सोडला. तिचे दोन्ही हात अजून फळीवरच होते. भिंतीवरच्या सावलीने मात्र एक हात माझ्याकडे लांब केला होता.

मी टॉर्च विझवला नाही.